दाराच्या गाठीचा पाइप

सावेरिओला तुरिनमध्ये पहिली मुलगी झाली आणि तिचं नाव कॉन्चेत्ता न ठेवता समांथा ठेवलं, ते साल एकोणीसशे पंच्याऐंशी. पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव द्यायचं, हे इथे दक्षिण इटलीत, आमच्या कालाब्रियाच्या डोंगरात कुणी कुणाला शिकवत नाही, शिकवावं लागत नाही. शिवाय बापाची आई कॉन्चेत्ता त्याच वर्षी जानेवारीत गेलेली. म्हणजे नाव मोकळं होतं. घरातलं दुसरं कुणी ते वापरत नव्हतं. तरी समांथा.

आजोबांनी, म्हणजे नाझारेनो वावाला यांनी, तार केली. पोस्टाच्या खिडकीमागे एकतीस वर्षं बसलेला माणूस तारेत शब्द वाया घालवत नाही. त्यांनी तीनच घातले. "नाव कळलं. वडील." अभिनंदन नाही, आशीर्वाद नाही. सावेरिओ त्या नाताळला आला नाही. त्यानंतरच्या ईस्टरलाही नाही. दर रविवारी अकरा वाजता फोन मात्र यायचा.

"बाबा, तिकडे थंडी आहे?"

"आहे. तिकडे?"

"इकडेही आहे."

मग दोघं थोडा वेळ थंडीला मान देऊन गप्प बसत आणि फोन खाली ठेवत.

गावात सगळे नाझारेनोंना पोस्टमास्तर म्हणत. खरं तर ते पोस्टमास्तर कधीच नव्हते. गावाला खिडकीमागचा माणूस तेवढा दिसायचा, आतल्या खोलीतला दिसायचा नाही, म्हणून हे पद त्यांना परस्पर मिळालं होतं आणि त्यांनीही ते कधी परत केलं नाही.

त्याच पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी फोनवर थंडीच्या ऐवजी वेगळाच विषय निघाला. सावेरिओ कॉलेजात असल्यापासून पाइप ओढायचा. तो म्हणाला, "बाबा, आपल्या गावात वितो झाफिनो म्हणून कुणी आहेत का हो? पाइप करतात ते?"

"आहे एक येडा. का?"

"येडा काय! त्यांचा एक पाइप इथे दुकानात काचेच्या कपाटात ठेवलाय. वेगळा दिवा लावून! मी रोज ऑफिसातून येताना थांबून बघतो. गोगलगाय आपल्या शंखात परत शिरतेय असा आहे. असा पाइप मी जन्मात पाहिला नाही."

सावेरिओ चार मिनिटं बोलला. नाझारेनोंनी भिंतीवरच्या घड्याळात बघून मोजली. बायको गेल्यापासून मुलगा सलग चार मिनिटं बोलला नव्हता. ते भिंतीला टेकून उभे होते. समोर स्वयंपाकघराचं दार होतं आणि दाराला टेकवलेली ती गाठ होती.

ती गाठ म्हणजे डोंगरावर जी उंच पांढऱ्या फुलांची झुडपं असतात, त्यांच्या मुळाची. ब्रायरची. पाइप ह्याच गाठींचे होतात, कारण हे लाकूड आगीला दाद देत नाही. कॉन्चेत्ताचे वडील रोक्को आयुष्यभर अशा गाठी खणायचे. एक्कावन्न साली मुलीच्या लग्नात त्यांनी बारा चादरी दिल्या आणि डुकराच्या डोक्याएवढी ही गाठ दिली. "तुझं सासर वाऱ्याच्या तोंडाशी आहे," ते म्हणाले, "दाराला लाव." कॉन्चेत्ताने चौतीस वर्षं ती दाराला लावली. दोन्ही हातांत पातेलं असलं की डाव्या पायाने ती पुढे सरकवायची, डाव्या पायानेच मागे. सपाता घासून घासून गाठीची एक बाजू आरशासारखी झाली होती.

"त्यांच्याकडून तुझ्यासाठी एक करून घेतो," नाझारेनो म्हणाले. "आईच्या दाराच्या गाठीचा."

मग सावेरिओ वेगळ्याच आवाजात म्हणाला, "खरंच? मग तयार झाला की कळवा, बाबा. पोस्टाने पाठवू नका. घ्यायला मी स्वतः येतो."

एवढ्या एका वाक्यावर पुढची तीन वर्षं गेली.

मास्त्रो, म्हणजे उस्ताद, वितो झाफिनो तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांचं दुकान चर्चच्या मागच्या उतारावर, आणि त्यांच्या पाइपांबद्दल गावाचं एकच मत होतं: चांगला माणूस वाया गेला. त्यांचा एकही पाइप पाइपासारखा नसे. एक अर्धा खाल्लेल्या अंजिरासारखा, एक झोपलेल्या कोंबडीसारखा, तर एक बिशपच्या टोपीवर कुणी बसून उठावं तसा. टेबलावर ठेवला तर एकही उभा राहत नसे, कलंडायचा. जर्मन आणि जपानी लोक गाड्या घेऊन यायचे, ते कलंडणारे पाइप दोन हातांत धरून डोळे मिटायचे आणि पैसे देऊन जायचे. परदेशी लोकांना ऊन बाधतं, असा गावाने निष्कर्ष काढला होता.

नाझारेनो गाठ हातगाडीवर घालून गेले. मास्त्रो गाठ न्याहाळत होते, तेवढ्यात ह्यांनी बसल्या बसल्या तो अंजीर उचलला. आयुष्यात त्यांनी कधी तंबाखू ओढली नव्हती. पण ते लाकूड हातात बसलं आणि अंगठ्याला एक खळगा सापडला. जणू तो तिथे वाटच बघत होता. नाझारेनोंना वाटलं, आपण कुणाचा तरी हात धरलाय. ते दचकले आणि पाइप खाली ठेवला. तो कलंडला. त्यांनी परत उचलला.

"ठेववत नाही ना?" मास्त्रो गाठीवरची नजर न काढता म्हणाले. "त्याचसाठी केलाय. उभा राहणारा पाइप पाहिजे असेल तर बाजारात ढीग आहेत. अरे पोस्टमास्तर, ही गाठ किती वर्षं चुलीशेजारी होती?"

"चौतीस."

"मग झालं. गाठ खणली की ओल्या पोत्याखाली ठेवायची असते. तू ती शेकलीस. करवत लावली तर फुटाण्यासारखी फुटेल. महिनाभर पाण्यात ठेव, मग बघू. वचन देत नाही. आणि कागद आण."

"कसला कागद?"

"कुठून खणली, कुणी खणली, परवानगी होती का. वनखात्याचा माणूस दर महिन्याला माझ्या लाकडात नाक खुपसतो."

नाझारेनो मनातून खूष झाले. कागद हे त्यांचं क्षेत्र होतं. कोट-टाय घालून, दोन पेनं खिशात लावून ते बसने तालुक्याच्या कचेरीत गेले आणि अर्ज भरला. खणणाऱ्याचं नाव: रोक्को स्क्रीवो. खणल्याची तारीख: एक्कावन्न सालचा वसंत. खणणाऱ्याची सही: ह्या चौकटीत त्यांनी सुंदर अक्षरात 'मयत' असं लिहिलं.

खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज परत सरकवला. "सही पाहिजे."

"ते वारले. एकसष्ट साली."

"मग मृत्यूचा दाखला जोडा."

"बरं."

"आणि सही पाहिजे."

"मेलेल्या माणसाची?"

"चौकट रिकामी ठेवता येत नाही. आणि तुमचं हे 'मयत' रेघेच्या बाहेर गेलंय."

नाझारेनोंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. रेघेबाहेर गेलेल्या सह्या परत करण्यात त्यांची हयात गेली होती. खिडकीची ही बाजू त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. इकडची फरशी उतरती होती, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"तुम्ही वावाला ना?" कारकून म्हणाला. "पोस्टातले? पेन्शनच्या फॉर्मसाठी तुम्ही माझ्या आजीला तीनदा परत पाठवलं होतंत. पावसात."

"सही बाहेर गेली असेल," नाझारेनो पुटपुटले.

"तिला लिहिता येत नव्हतं. अंगठा होता. अंगठा बाहेर गेला होता."

नाझारेनोही तीन खेपांनंतर सुटले. तिसऱ्या खेपेला कारकुनाने स्वतःच दुसरा फॉर्म काढला आणि लिहिलं: 'घरगुती सामान, दार अडवण्याचे, जुने, नग एक.' त्याला परवानगी लागत नव्हती. पहिल्या दिवशीही लागत नव्हती. पण आजी तीनदा गेली होती.

मग भिजवणं. बादलीत गाठ मावेना, म्हणून अंघोळीच्या टबात ठेवली, वर ओलं पोतं. न्हावी बियाजो म्हणाला, मीठ घाला, समुद्राचं. खालच्या मजल्यावरच्या तेरेझिनाबाई म्हणाल्या, व्हिनेगर घाला, माझ्या नवऱ्याचे गुडघे त्यानेच सुटले होते. नवरा गुडघ्यांसकट केव्हाच गेला होता, म्हणून नाझारेनोंनी फार विचारलं नाही. दोन्ही घातलं. ह्या लाकडाला पाण्यात रंग सुटतो, आणि तो गडद तांबडा असतो, हे मात्र न्हावी बोलला नाही आणि बाईही बोलल्या नाहीत.

नवव्या दिवशी नळ नीट बंद झाला नव्हता. तेरेझिनाबाई खाली घेवडा शिजवत होत्या. वरून पातेल्यात एक थेंब पडला. लाल. मग दुसरा. बाईंनी छताकडे पाहिलं, क्रूसाची खूण केली, गॅस बंद केला (त्या काटकसरी होत्या) आणि पोलिसांना फोन केला.

हवालदार वर आला तेव्हा नाझारेनो बनियनवर, कोपरापर्यंत लाल हात घेऊन टबाशी गुडघे टेकून बसले होते. पोत्याखाली डोक्याएवढं काहीतरी होतं.

"पोस्टमास्तर," हवालदार हळूच म्हणाला, "हे कोण?"

"हे दार अडवायचं आहे," नाझारेनो म्हणाले आणि वनखात्याचा कागद पुढे केला. नग एक. हवालदाराने कागद दोनदा वाचला, पोतं एका बोटाने उचलून बघितलं आणि जाताना दारात थांबून म्हणाला, "मुलगा कधी येणारे तुमचा? एकटं राहू नये माणसाने फार."

महिनाभर अंघोळीला टब नव्हता. नाझारेनो स्वयंपाकघरातल्या बेसिनशी अंग पुसायचे, आणि दाराला काही लावलेलं नसल्यामुळे ते मागे आदळत राहायचं. मिठाचं पोतं लावून पाहिलं, ते फाटलं. विश्वकोशाचा खंड लावला, तो हलका पडला. प्रत्येक आदळण्याला ते "हो, आलो" म्हणून वळायचे. कुणी नसायचं. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी "आलो" म्हणणं सोडलं, पण मान वळायची ती वळायचीच.

डिसेंबरात मास्त्रोंनी गाठीला करवत लावली. कापलेला तुकडा ते उजेडात धरत, थुंकी लावून बघत आणि म्हणत, "चीर." तो चुलीकडे. "चीर." चुलीकडे. "चीर." अकरा तुकडे गेले. नाझारेनो भिंतीला पाठ लावून उभे होते. प्रत्येक 'चीर'बरोबर तुरिनची गाडी एक एक स्टेशन मागे जात होती.

बारावा तुकडा मास्त्रोंनी बराच वेळ हातात फिरवला. मुठीएवढा, एका बाजूला सुजलेला, दुसऱ्या बाजूला आत वळलेला. "हा बघ. चिरा ह्याच्या भोवतीने गेल्यात, आत नाही शिरल्या. हा जसा वाकलाय तसाच पाइप होईल. आपल्याला हवा तसा नाही होणार. चालेल?"

"मुलाला असलेच आवडतात."

"मग बारा तास उकळ आणि आण. उरलेली अर्धी घेऊन जा घरी, ती माझ्या कामाची नाही."

बारा तास उकळायला लाकडाच्या गिरणीत तांब्याच्या कायली असायच्या, पण गिरणी दोन वर्षांपूर्वी बंद पडली होती. गावात एवढं मोठं भांडं एकाच प्रकारचं होतं. ऑगस्टात घरोघर वर्षाच्या टोमॅटोच्या रसाच्या बाटल्या ज्यात उकळतात, तो हंडा. कॉन्चेत्ताचा हंडा तिच्या मागे मुलीसारख्या भाचीने नेला होता. तेरेझिनाबाईंनी आपला दिला. "पोलीस बोलावल्याचं मनात धरू नका," असं म्हणून दिला. चाळीस लिटरच्या हंड्यात मुठीएवढा एक तुकडा पहाटेपासून संध्याकाळपर्यंत रटरटला. नाझारेनो शेजारी खुर्ची टाकून बसले, तासातासाला पाणी घालत. इतका वेळ कुणाच्या सोबत ते बरेच दिवस बसले नव्हते.

हंडा त्यांनी तीनदा घासला. पण पुढच्या ऑगस्टात तेरेझिनाबाईंचा सगळा रस तपकिरी झाला आणि त्याला शाळेच्या बाकाची चव आली. बाईंनी बत्तीस बाटल्या वर आणून नाझारेनोंच्या दाराशी ओळीने मांडल्या.

"हे काय, बाई?"

"तुमच्याच लाकडाचा रस आहे. प्या."

त्या हिवाळ्यात नाझारेनोंनी तो रस रोज शेवयांवर घालून खाल्ला, एकट्याने, आणि सगळा संपवला. टाकून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एकदा फोनवर सावेरिओने विचारलं, "जेवलात का बाबा? काय केलं होतं?" ते म्हणाले, "तुझाच पाइप."

तुकडा मास्त्रोंच्या माळ्यावर वाळत पडला होता. "दोन वर्षं," मास्त्रो म्हणाले होते. नाझारेनो दर गुरुवारी चार वाजता जात. गुरुवारी मास्त्रो यंत्राला विश्रांती द्यायचे.

"वाळला का?"

"नाही."

दार बंद. असे साधारण शंभर गुरुवार. फोनवरही तसंच. "झाला का, बाबा?" "वाळतोय." "मग झाला की येतो." समांथा चालायला लागली, बोलायला लागली, हे नाझारेनोंना फोटोंच्या मागे लिहिलेल्या ओळींवरून कळत होतं. ती तार पाठवली त्याला दोन वर्षं झाली होती. बापही त्याबद्दल बोलला नाही, मुलगाही नाही.

सत्त्याऐंशीच्या नोव्हेंबरात मास्त्रोंनी दार पूर्ण उघडलं. "वाळला. आता हात आण."

"हात?"

"ज्याच्यासाठी करायचा त्याचा. मातीचा गोळा मुठीत धरायचा आणि बोलत बसायचं. माणूस बोलायला लागला की हात सैल पडतो, आपल्या जागी बसतो. तो ठसा मला पाहिजे. त्याच्याशिवाय मी सुरी लावत नाही."

फोनवर सावेरिओ म्हणाला, "बाबा, डिसेंबरात ऑफिस सुटत नाही हो. माती पाठवा ना पोस्टाने, मी दाबून परत पाठवतो."

पोस्टाने! नाझारेनोंनी गोळा ओल्या फडक्यात गुंडाळला, फडकं मेणकापडात, ते बिस्किटांच्या डब्यात, डब्याला सुतळी, सुतळीला लाख. असं पार्सल त्या पोस्टातून पूर्वी कधी गेलं नव्हतं. पाच आठवड्यांनी ते परत आलं. वर शिक्का होता: 'घेणारा घरी नाही. मुदतीत नेले नाही.' हा शिक्का नाझारेनोंनी स्वतः हजारो वेळा मारला होता. तो असा वाचायचा असतो, हे त्यांना माहीत नव्हतं. आत माती दगड झाली होती.

पुढच्या गुरुवारी ते मास्त्रोंना म्हणाले, "माझाच हात घ्या. बाप-लेकाचा हात एकच असतो."

मास्त्रोंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. "बरं. बस."

मास्त्रोंचा उजवा कान लेथच्या आवाजाने गेला होता, असं सगळं गाव म्हणायचं. नाझारेनोंची खुर्ची उजवीकडेच होती. पहिल्या गुरुवारी ते गोळा धरून खिडकीमागे बसल्यासारखे ताठ बसले. मास्त्रो म्हणाले, "हा हात नाही, हा शिक्का आहे. पुढच्या गुरुवारी ये." दुसऱ्या गुरुवारी पेन्शनबद्दल बोलले. "पुन्हा." तिसऱ्या गुरुवारी कॉन्चेत्ताच्या शेवटच्या हिवाळ्याबद्दल. ती पायाने गाठ सरकवेना तेव्हा ते स्वतः सरकवायला उठले आणि ती म्हणाली, बसा हो, माझं काम आहे ते. मास्त्रो मान खाली घालून कानशीने काहीतरी घासत होते. गोळा घेतला, बघितला, फळीवर ठेवला. "पुन्हा."

असा वसंत गेला. ऐकू जात नाही अशा कानाशी माणूस बरंच बोलू शकतो. एका गुरुवारी नाझारेनो म्हणाले, "ती तार करायला नको होती मी."

"काय? मोठ्याने बोल."

"काही नाही. पाऊस येईल म्हटलं."

ईस्टर गेला. "झाला का, बाबा?" "ठसाच जमत नाही, अरे. म्हातारा खट आहे." फोन ठेवल्यावर नाझारेनो मास्त्रोंवर चिडायचे. हा माणूस आपल्याला खेळवतोय, मुलगा तिकडे वाट बघतोय, असं आरशासमोर बोलून ठेवायचे. गुरुवारी चारला मात्र जाऊन बसायचे.

जुलैत एका गुरुवारी मास्त्रोंनी गोळ्याऐवजी कापडात गुंडाळलेलं काही हातात दिलं.

तो पाइप कशासारखा होता, हे गावाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. बियाजो म्हणाला, उशीवर गाल टेकलाय कुणी. तेरेझिनाबाई म्हणाल्या, भाकरीच्या पिठात मूठ मारून ठेवलीय. वरच्या कडेला गाठीची खडबडीत साल तशीच होती, आणि एका कुशीला तो सपातांनी घासलेला गुळगुळीत तुकडा होता. मास्त्रोंनी त्याला सुरी लावलीच नव्हती. नाझारेनोंच्या मुठीत तो असा बसला की बसच्या थांब्यावर त्यांनी तिकीट दुसऱ्या हाताने काढलं. कुठे चालले होते तेही आठवेना. बस त्यांना पकडायचीच नव्हती, घर चालत दोन मिनिटांवर होतं.

चौदा ऑगस्टला सावेरिओ आला. फक्त तीन वर्षांच्या मुलीला घेऊन. बायकोला रजा नव्हती. तीन दिवस राहणार होता. दाराला आता उरलेली अर्धी गाठ लावलेली होती. समांथा आल्या आल्या तिच्यावर जाऊन बसली आणि जेवायलाही उठेना.

दुपारी कॉफीनंतर नाझारेनोंनी कापड उलगडलं. सावेरिओने पाइप घेतला आणि उजेडात धरला. गुळगुळीत जागेवरून अंगठा फिरवला. "ही तीच बाजू ना, बाबा?"

"तीच."

मग त्याने मूठ वळली. बोटं खळग्यांत पोचेनात. त्याने पाइप फिरवून धरला, दुसऱ्या हातात घेतला, परत पहिल्या हातात. पाइप निसटून टेबलावर पडला आणि कलंडला.

नाझारेनोंनी मुलाच्या हाताकडे पाहिलं. लहानखुरा, अरुंद तळवा, निमुळती बोटं. कॉन्चेत्ताचा हात. पस्तीस वर्षं हा हात त्यांच्यासमोर जेवला होता, अभ्यास करत होता, निरोप घेत होता, आणि त्यांनी एकदाही पाहिला नव्हता.

"तुमचा आहे हा, बाबा," सावेरिओ हसून म्हणाला. "माझ्या हातातून पळतोय बघा." त्याने तो वडिलांच्या मुठीत ठेवला. मग उलटा करून खालची बाजू बघितली. तिथे तापल्या सुईने बारीक काही कोरलं होतं. नाझारेनोंना चष्म्याशिवाय ते दिसलं नव्हतं.

"हे काय? दोन, अठ्ठ्याऐंशी. फेब्रुवारी?" सावेरिओने वर पाहिलं. "फेब्रुवारीत तयार झाला होता? मग तुम्ही ईस्टरला का नाही बोलावलंत? मी रजा टाकली होती, बाबा. तुम्ही म्हणालात ठसा जमत नाही."

नाझारेनोंनी चष्मा लावला. आकडे वाचले. फेब्रुवारी. त्यानंतर ते त्या खुर्चीत किती गुरुवार बसले होते? वीस? बावीस? प्रत्येक वेळी 'पुन्हा'. फळीवर एकेक गोळा. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापायला लागल्या. मुलगा एप्रिलमध्ये आला असता. चार महिने! दुसऱ्याच्या घरातले चार महिने त्या म्हाताऱ्याने परस्पर खर्च केले होते.

मग त्यांच्या डोळ्यांसमोर मास्त्रोंचं दुकान आलं. एक स्टूल, एक खुर्ची. खुर्चीवरची उशी जानेवारीत नव्हती, मार्चात आली होती.

"वाळायला ठेवला होता," नाझारेनो म्हणाले.

"तयार झाल्यावर?"

"ह्या लाकडाला परत वाळवावं लागतं. तुला नाही कळायचं."

सावेरिओने विषय सोडला. दारातली मुलगी गाठीवरून घसरून अंगणाच्या पायऱ्यांकडे निघाली होती. नाझारेनोंनी खुर्चीतूनच हाक मारली, "समांथा! तिकडे नको. इकडे ये." सावेरिओ कप धुवत होता. नळ चालूच राहिला आणि त्याचे हात थांबले.

सतरा तारखेला दोघं गेले. पाइप राहिला.

अठराला गुरुवार होता. नाझारेनो चार वाजता चर्चच्या मागच्या उतारावरून गेले. दोन दिवस त्यांनी आरशासमोर बरीच वाक्यं तयार केली होती. दार उघडंच होतं. मास्त्रो स्टुलावर होते. मास्त्रोंनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या मुठीतल्या पाइपाकडे पाहिलं आणि परत कानशीकडे.

"गेला पोरगा?"

"गेला."

"बसला का हातात?"

"नाही. आईचा हात आहे त्याचा."

"मग चुकलं माप," मास्त्रो म्हणाले. त्यांनी भांड्यातून ओल्या मातीचा गोळा काढला, दोन्ही तळव्यांत फिरवला आणि पुढे केला. "पुन्हा घ्यावं लागेल."

"कुणाचं?" नाझारेनोंनी विचारलं. "मी ओढत नाही. माझा तर झालाय."

मास्त्रोंचा हात तसाच पुढे होता. नाझारेनोंनी पाइप खिशात ठेवला, खुर्चीवर बसले आणि गोळा घेतला.

बराच वेळ कानशीचा आवाज येत होता. मग मान वर न करता मास्त्रो म्हणाले, "त्या तारेचं सांगितलंस का त्याला?"

नाझारेनोंनी त्यांच्या उजव्या कानाकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "पण तिला नावाने हाक मारली."

"आली?"

"आली."

"बरं," मास्त्रो म्हणाले. "बोल."

स्वयंपाकघराचं दार आता आदळत नाही. अर्ध्या गाठीचं वजन कमी पडतं, त्यामुळे वारा आला की ते नुसतं टकटक वाजतं, कुणी आल्यासारखं. नाझारेनो उठून बघतात. नाताळला सावेरिओ बायको-मुलीला घेऊन येतो म्हणालाय.

मास्त्रोंना जवळचं कुणी नव्हतं, म्हणून मागचे कागद नाझारेनोंनीच केले, आणि सगळ्या सह्या रेघेच्या आत होत्या. फळीवर मातीचे एकोणचाळीस गोळे निघाले, प्रत्येकाखाली गुरुवारची तारीख. सगळे सारखेच. शेवटचा अजून ओला होता.

मास्त्रो वितो झाफिनो ११ नोव्हेंबर १९८८ रोजी, शुक्रवारी सकाळी, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी वारले.